मिक्सिंग ड्रममधलं खारं पाणी दर खेपेला दुधाळ का होतं?

समुद्री मासे आणि प्रवाळांच्या काचेच्या टाकीसाठी पिशवीतलं मीठ शुद्ध पाण्यात कालवून खारं पाणी करायचं असतं. मीठ टाकलं, पंप चालू केला, तासाभराने झाकण उघडलं तर पाणी ताकाच्या निवळीसारखं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते नितळ दिसतं, पण ड्रमच्या तळाशी, पंपाच्या जाळीवर आणि हीटरच्या काचेवर पांढरी भुकटी बसलेली असते. केएच (पाण्यातल्या कार्बोनेटचं माप) तपासला तर पिशवीवर छापलेल्या आकड्यापेक्षा दीड-दोनने खाली. पुढच्या खेपेला पुन्हा तेच. मग मिठाची कंपनी बदलली जाते आणि नव्या मिठाचंही दोन-तीन खेपांत तसंच होतं. कंपनी बदलून हा प्रश्न क्वचितच सुटतो. दोष बहुतेक वेळा मीठ पाण्यात कसं गेलं यात असतो, काही वेळा पाण्यात असतो, आणि मिठावर संशय घ्यायचा तो सगळ्यांत शेवटी.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. मराठीत ‘क्षारता’ हा शब्द खारटपणालाही वापरतात आणि अल्कलिनिटीलाही. त्यामुळे ‘क्षारता कमी आली’ एवढंच सांगितलं तर नक्की काय कमी आलं ते कळत नाही आणि सल्ला भलताच मिळतो. इथे खारटपणाला सॅलिनिटी आणि अल्कलिनिटीला केएच म्हटलं आहे. समुद्राच्या पाण्याची सॅलिनिटी साधारण ३५ पीपीटी (किलोमागे ३५ ग्रॅम क्षार), केएच ७ च्या आसपास, कॅल्शियम लिटरला ४१० ते ४२० मिलिग्रॅम आणि मॅग्नेशियम १,३०० च्या जरा खाली असतं. प्रवाळांसाठी विकल्या जाणाऱ्या काही मिठांत केएच मुद्दाम ११-१२ ठेवलेला असतो. अशी मिठं दुधाळ व्हायला निमित्तच शोधत असतात. बहुतेक पिशव्यांवर ‘कालवल्यावर इतक्या तासांत वापरा’ असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ते वाचून घ्या.

भुकटी म्हणजे खडूच

ती पांढरी भुकटी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. पिशवीत कॅल्शियमचे क्षार आणि कार्बोनेट शेजारी शेजारी कोरडे पडलेले असतात, तोवर भांडण नसतं. नीट विरघळलेल्या पाण्यातही ते गुण्यागोविंदाने राहतात, कारण भरपूर मॅग्नेशियम मध्ये असतं आणि ते खडूचे स्फटिक वाढू देत नाही. पण एखाद्या कोपऱ्यात दोन्ही एकदम दाट झाले, पाणी गरम असलं किंवा आधीचा खडू बसलेला असला, की ते एकत्र येऊन बाहेर पडतात. एकदा पडलेला खडू पाण्यात परत विरघळत नाही. ‘अजून थोडा वेळ पंप चालू ठेवू, विरघळेल’ हा इथला सर्वांत महागडा गैरसमज आहे.

हिशेब करून पाहा. १ केएच म्हणजे लिटरमागे १७.९ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट. केएच दीडने पडला तर लिटरमागे जवळपास २७ मिलिग्रॅम, म्हणजे १०० लिटरच्या ड्रममध्ये पावणेतीन ग्रॅम. एवढ्याशा खडूने अख्खा ड्रम पांढरा होतो. या घसरणीत कॅल्शियम मात्र लिटरमागे फक्त ११ मिलिग्रॅमने कमी होतं, आणि घरगुती टेस्ट किटला ४२० आणि ४०९ मधला फरक धड दिसत नाही. म्हणून ‘कॅल्शियम बरोबर आहे, म्हणजे काही पडलेलं नाही’ असं म्हणता येत नाही. पहारा केएचवर ठेवायचा.

खात्री करायची असेल तर तळाची चिमूटभर भुकटी वाटीत घ्या आणि वर व्हिनेगरचे चार थेंब टाका. फसफसली तर कार्बोनेट. तशीच पडून राहिली, आणि रंगाने मातकट किंवा करडी असेल, तर ती बहुधा मिठातली न विरघळणारी अशुद्धी. ती दिसायला वाईट, पण निरुपद्रवी असते. तळाशी बसू द्या आणि वरचं पाणी वापरा.

आणखी एक फसवणूक बुडबुड्यांची. पंप हवा ओढत असेल तर सूक्ष्म बुडबुड्यांनीही पाणी दुधाळ दिसतं. पारदर्शक ग्लासात पाणी काढून काळ्या कागदासमोर धरा. बुडबुडे वर जातात, म्हणून ग्लास खालून वर निवळत येतो आणि पाच मिनिटांत स्वच्छ होतो. भुकटी खाली बसते, म्हणून तो वरून खाली निवळतो आणि त्याला तास न् तास लागतात.

तीन बाटल्यांची चाचणी

ड्रमला हात लावण्याआधी दोष कुठे आहे ते वेगळं काढा. एक लिटरच्या तीन स्वच्छ पारदर्शक बाटल्या आणि एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा पुरतो. मीठ पिशवीवर दिलेल्या प्रमाणात घ्या. ते बहुधा लिटरला ३६ ते ३९ ग्रॅम असतं.

पहिल्या बाटलीत आपल्या फिल्टरचं पाणी भरा आणि चार-पाच चिमटींत मीठ घाला. प्रत्येक चिमटीनंतर बाटली हलवा. दुसऱ्या बाटलीत तेच करा, पण पाणी बॅटरीत घालायला मिळतं ते डीमिनरलाइज्ड घ्या. टीडीएस मीटरवर (विरघळलेले क्षार मोजणाऱ्या) ते शून्य-दोनच्या पुढे जात नाही ना, हे आधी पाहा. (ही फक्त चाचणी आहे, ते पाणी टाकीत घालायचं नाही.) अर्ध्या तासाने दोन्ही बाटल्या शेजारी ठेवा. पहिली दुधाळ आणि दुसरी नितळ असेल तर फिल्टर तपासा. दोन्ही दुधाळ असतील तर मीठ ओलं झालेलं किंवा खराब आहे. दोन्ही नितळ असतील, आणि बहुतेक वेळा तसंच निघतं, तर पाणी आणि मीठ दोन्ही निर्दोष आहेत आणि गडबड ड्रममध्ये होते आहे.

तिसरी बाटली निदानासाठी नाही, नुसती पाहण्यासाठी. तिच्यात आधी सगळं मीठ कोरडं टाका, वरून हळूच पाणी भरा आणि पाच मिनिटं न हलवता ठेवा. मिठाच्या ढिगाला लागून जो दाट थर तयार होतो तिथे पांढरट ढग उठताना दिसतो, विशेषतः जास्त केएचच्या मिठात. मग कितीही हलवा, तो ढग पुरता जात नाही. ड्रमच्या तळाशी, आपल्या नजरेआड, हेच चाललेलं असतं.

ड्रममध्ये नेमकं काय चुकतं

मीठ पाण्यात जातं, पाणी मिठावर ओतायचं नाही. हा नियम बहुतेकांना ठाऊक असतो. पण पाणी भरलेल्या ड्रममध्ये चार किलो मीठ एकदम पालथं केलं तरी परिणाम तोच, कारण मीठ सरळ तळाला जाऊन ढीग होतो आणि पंपाचा झोत वरच्यावर फिरत राहतो.

१०० लिटरची खेप अशी करा. ड्रमवर १०० लिटरची खूण आधीच करून ठेवा आणि ९५ लिटर शुद्ध पाणी भरा. पंप तासाला निदान १,००० लिटर प्रत्यक्ष ढकलणारा हवा. डब्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो, दोन एल्बो आणि मीटरभर पाइप लागला की तो बराच खाली येतो. झोत तळाकडे आणि किंचित तिरका ठेवा, म्हणजे पाणी तळ झाडत गोल फिरेल. ३.८ किलो मीठ मोजून वेगळ्या कोरड्या डब्यात घ्या. मगभर मीठ झोताच्या वर, पसरून सोडा. तळाला दाणे दिसेनासे झाले की पुढचा मग. सगळं मीठ जायला वीस-तीस मिनिटं लागली पाहिजेत. पाच मिनिटांत संपलं तर घाई झाली. मग १०० च्या खुणेपर्यंत पाणी भरा, दोन तासांनी सॅलिनिटी मोजा आणि पंप बंद करा.

पंप बंद करण्यावर बरेच जण अडखळतात. ‘पाणी फिरतं राहिलं पाहिजे’ म्हणून तो दोन-दोन दिवस चालू ठेवला जातो. ४० वॅटचा पंप पाण्यात बुडालेला असेल तर त्याची सगळी वीज शेवटी उष्णताच होते. १०० लिटर पाणी त्याने तासाला साधारण एक तृतीयांश अंशाने तापतं. झाकण लावलेल्या ड्रममध्ये रात्रभरात तीन-चार अंश वाढणं सहज शक्य आहे. गरम पाण्यात कॅल्शियम कार्बोनेट कमी विरघळतं, त्यात हवा मिसळत राहिल्याने कार्बन डायऑक्साइड निघून पीएच चढतो, आणि खडू पडायला हवं ते सगळं आपणच पुरवतो. पाणी साठवायचं असेल तर दिवसातून दोनदा पंधरा मिनिटं पंप पुरे. टायमर लावून टाका.

एप्रिल-मे महिन्यांत गच्चीवरच्या टाकीतून येणारं पाणीच ३५ अंशांचं असतं. अशा दिवसांत आरओ फिल्टरचं पाणी रात्री घरात ठेवून सकाळी मीठ घाला, २५ ते २७ अंश असताना. थंडीत पुण्या-नाशिकला पाणी १८-२० पर्यंत उतरतं, तिथे हीटर लागतो. पण तो मीठ घालण्याआधी लावून पाणी कोमट करा आणि मीठ घालताना काढून घ्या. हीटरची तापलेली काच म्हणजे खडूला बसायला आयता पाट.

मीठ घालताना वीज गेली तर? नेमकं तेव्हाच जाते. अर्धवट विरघळलेलं मीठ तळाला बसतं आणि दाट थर तयार होतो, तिसऱ्या बाटलीत दिसला तसा. पीव्हीसी पाइपचा दोन हातांचा तुकडा ड्रमजवळ कायम ठेवा आणि तळापासून ढवळत राहा. वीज येईपर्यंत उरलेलं मीठ डब्यातच राहू दे.

आणि जुना खडू. भिंतीवर बसलेला थर नव्या खेपेतल्या खडूला विरजणासारखा लागतो. त्यावर नवे स्फटिक सहज वाढतात, म्हणून पहिल्या दोन खेपा चांगल्या होऊन तिसरीपासून बिघडतात. तीन-चार खेपांनंतर १० लिटर पाण्यात २०० ग्रॅम सायट्रिक ॲसिड विरघळवून पंपासकट तासभर फिरवा, भिंती त्याच पाण्याने पुसा आणि दोनदा साध्या पाण्याने धुवा. पंपाचा रोटर काढून वेगळा धुवा, तिथला थर दिसत नाही. बाथरूमचं ॲसिड वापरू नका, आणि ब्लीचबरोबर कुठलंही ॲसिड मिसळू नका.

पिण्याच्या आरओचं पाणी

पहिली बाटली दुधाळ निघाली तर बहुधा घरातला पिण्याचा आरओ वापरात असतो. त्यात मेम्ब्रेननंतर (क्षार अडवणाऱ्या पडद्यानंतर) टीडीएस कंट्रोलर असतो. तो चवीसाठी मेम्ब्रेनला वळसा घालून आलेलं थोडं पाणी शुद्ध पाण्यात परत मिसळतो. वर मिनरलची कांडी असेल तर ती कॅल्शियम-मॅग्नेशियम घालते. पिण्याला ठीक, पण मीटरवर ५० ते १५० दिसतं. बोअरवेलच्या कठीण पाण्यातून असे ८० आले तर ते जवळपास सगळे बायकार्बोनेटचे असू शकतात, म्हणजे मीठ घालण्याआधीच केएच दोन-तीनने वर. १२ केएचच्या मिठाला मग फक्त धक्का पुरतो. टँकर कुठून भरला यावर हे दर आठवड्याला बदलतं, आणि ‘कधी होतं, कधी होत नाही’ या तक्रारीचं मूळ पुष्कळदा इथे असतं. मुंबईत तलावांचं पाणी मुळात हलकं असल्याने हे कमी जाणवतं.

उपाय सोपा आहे. मेम्ब्रेनच्या शुद्ध पाण्याच्या नळीला, कंट्रोलर आणि मिनरल कांडीच्या आधी, टी-जोड देऊन वेगळी नळी काढा आणि ती डीआय रेझिनच्या (उरलेले क्षार धरून ठेवणाऱ्या दाण्यांच्या) कांडीतून ड्रमकडे न्या. रेझिननंतर मीटरवर शून्य हवं. एक लिटर मिश्र रेझिन ढोबळमानाने २५ ग्रॅम क्षार धरतं. म्हणजे मेम्ब्रेननंतर ८ टीडीएस असेल तर ३,००० लिटर, आणि ३० असेल तर जेमतेम ८०० लिटर. रेझिन लवकर संपत असेल तर आधी मेम्ब्रेन आणि पाण्याचा दाब पाहा. दाब ६० पीएसआयच्या बराच खाली असेल तर मेम्ब्रेन क्षार नीट अडवत नाही. गच्चीवरच्या टाकीचा दाब दहा मीटरला जेमतेम १४ पीएसआय, त्यामुळे बूस्टर पंप लागतोच.

फिल्टर थांबून पुन्हा सुरू झाला की पहिली मिनिट-दोन मिनिटं पाणी वाईट येतं, कारण बंद असताना मेम्ब्रेनच्या दोन्ही बाजूंचे क्षार सारखे होत जातात. ते पाणी मोरीत सोडा. फ्लोट स्विच पाव लिटरला फिल्टर चालू-बंद करत असेल तर रेझिनला सतत हेच वाईट पाणी मिळतं. ७५ जीपीडीच्या (दिवसाला ७५ गॅलन) मेम्ब्रेनला १०० लिटर भरायला आठ-नऊ तास लागतात, ते एका दमात भरा.

पावसाळ्यातलं मीठ

दोन्ही बाटल्या दुधाळ असतील तर पिशवी पाहा. मिठातले मॅग्नेशियम आणि कॅल्शियम क्लोराइड हवेतलं पाणी ओढतात. कोकणपट्टीत जुलैमध्ये उघडी राहिलेली पिशवी आठवड्यात दगड होते. ओल्या गठ्ठ्यात खडू पिशवीतच तयार झालेला असतो, तो कुटून घालण्यात अर्थ नाही. शिवाय मीठ ५ टक्के ओलं असेल तर ३.८ किलोत १९० ग्रॅम नुसतं पाणी, आणि सॅलिनिटी पावणेदोन पीपीटीने कमी. पिशवी फोडल्यावर मीठ रबरी कडेच्या झाकणाच्या बादलीत ठेवा. वापरण्याआधी बादली आडवी लोळवा, कारण वाहतुकीत जड-हलके दाणे वेगळे होतात आणि वरच्या मिठाचा केएच खालच्यासारखा येत नाही.

मिठागरातलं स्वस्त खडेमीठ चालेल का, हा प्रश्न ठाणे-रायगडकडे हमखास विचारला जातो. नाही. मिठागरात पाणी आटताना चुना आणि जिप्सम आधी बसतात, मग साधं मीठ बसतं, आणि मॅग्नेशियम उरलेल्या कडू पाण्यात जातं. हाती येतं ते बहुतांशी सोडियम क्लोराइड. उपासाच्या सैंधवाचंही तसंच.

सॅलिनिटी दर वेळी वेगळी दिसते तेव्हा

पाण्याआधी रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे प्रकाश किती वाकतो त्यावरून सॅलिनिटी दाखवणाऱ्या यंत्रावर, शंका घ्या. स्वस्तातले बरेच साध्या मिठाच्या (सोडियम क्लोराइडच्या) द्रावणासाठी आखलेले असतात, समुद्राच्या पाण्यासाठी नव्हे. अशा यंत्रावर खरं ३५ पीपीटी पाणी ३६.५ च्या आसपास दिसतं, म्हणजे ३५ दाखवेपर्यंत पाणी पातळ केलं तर ते खरं ३३.५ असतं. शुद्ध पाण्याने शून्य जुळवणं पुरेसं नाही, ३५ च्या प्रमाणित द्रावणाने जुळवा. ते नसेल तर कोरडं करून गार केलेलं साधं मीठ ३६.५ ग्रॅम आणि शुद्ध पाणी ९६३.५ ग्रॅम. हे द्रावण समुद्राच्या ३५ पीपीटी पाण्याइतकाच प्रकाश वाकवतं. ०.१ ग्रॅम दाखवणारा काटा मात्र हवा.

यंत्रावरची आपोआप तापमान-दुरुस्ती बहुधा १० ते ३० अंशांपुरती असते. नागपुरात मे महिन्यात ३८ अंशांच्या खोलीत तिचा भरवसा नाही. तिथे सकाळी लवकर किंवा एसीच्या खोलीत मोजा. थेंब काचेवर टाकून मिनिटभर थांबा.

३३ आलं तर १०० लिटरला साधारण २२० ग्रॅम मीठ आणखी घाला. ३७.५ आलं तर ६.७ लिटर काढून तेवढंच शुद्ध पाणी घाला. साठवणीत झाकण घट्ट हवं. १०० पैकी तीन लिटर उडाले तर ३५ चे ३६ होतात, कारण उडतं ते फक्त पाणी.

ड्रम आणि जोडकाम

ड्रम खाद्यपदार्थांसाठीचा, एचडीपीईचा, तळाला त्रिकोणात २ आकडा असलेला घ्या. भंगारातल्या निळ्या ड्रममध्ये आधी कोणतं रसायन होतं ते कळत नाही. २०० लिटरचा भरलेला ड्रम २०० किलोंच्या वर जातो, तो खोलीच्या मध्यावर नको, भिंतीलगत तुळईजवळ ठेवा. नळ तळापासून पाच सेंटिमीटर वर काढा, म्हणजे गाळ खाली राहतो. सीपीव्हीसीच्या आटे असलेल्या जोडांत पितळी भाग असतो. प्लंबर सवयीने तेच आणतो. पितळेतलं तांबं कोळंबी, शंख आणि प्रवाळांना मारतं. बॉल व्हॉल्व्ह, टँक कनेक्टर, युनियन सगळं निव्वळ प्लास्टिकचं मागा, आणि नळीला स्टीलच्या क्लिपऐवजी प्लास्टिकची पट्टी लावा.

बिघडलेली खेप फेकायची का

बहुधा नाही. पंप बंद करून १२ ते २४ तास बसू द्या, वरचं पाणी सायफनने दुसऱ्या बादल्यांत काढा आणि तळाचे पाच सेंटिमीटर सोडा. मग केएच मोजा. टाकीच्या १० टक्के पाणी बदलणार असाल आणि नव्या पाण्याचा केएच दीडने कमी असेल, तर टाकीचा केएच ०.१५ ने हलेल. ते कुठल्या किटवर दिसतही नाही, बिनधास्त वापरा. निम्मं पाणी बदलायचं असेल तेव्हा दुरुस्ती करा. १ केएच वाढवायला १०० लिटरला ३ ग्रॅम खाण्याचा सोडा, लिटरभर शुद्ध पाण्यात विरघळवून, फिरत्या पाण्यात बारीक धारेने. बेकिंग पावडर नाही, धुण्याचा सोडाही नाही. आणि हे नितळ पाणी वेगळं काढल्यानंतरच. भुकटी तरंगत असताना सोडा घातला तर तोही खडू होऊन बसतो. तळाचं उरलेलं पाणी मोरीत ओता, कुंड्यांना नको.